लेंझचं तू सांगितलं नाहीस

सातारा, गुरुवार
रात्रीचे साडेअकरा

चि. राजू यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी जरा जास्त बोललो. आई म्हणते, जरा नाही, बरंच. आज पुन्हा फोन लावला असता तर तेच झालं असतं, म्हणून लिहायला बसलो. ताई पानांचे फोटो काढून पाठवेल. अक्षर लागलं नाही तर तिलाच विचार.

रोज कळवत जा, असं या पत्रात लिहायचं नाही अशी आईची ताकीद आहे. तेव्हा ते लिहीत नाही.

पण एकोणीस तास, राजू! तुर्कस्तानात एर्झिंजानच्या पुढे नकाशावरचा तुझा निळा ठिपका एकोणीस तास जागचा हलला नाही. मी रात्री तीनदा उठून पाहिला. मग कळलं की महाराज एका मेंढपाळाच्या घरी जेवून झोपले होते आणि मोबाइल बंद पडला होता. मोबाइल बंद पडतो, मान्य. मी चिडलो ते त्यावरून नाही. झोप येईना म्हणून ताईच्या फोनवर तुझ्या सायकलप्रवासाचा पुढचा रस्ता वाचत बसलो, आणि त्यात मला फ्रँक लेंझ सापडला.

जाण्याआधी सहा महिने तू मला सायकलवर पहिल्यांदा जगप्रवास करणारा थॉमस स्टीव्हन्स ऐकवलास. आणि मला तो आवडलाही. पन्नास इंची पुढचं चाक, चेन नाही, पायडल थेट चाकालाच. उतारावर ब्रेक जोरात लागला की माणूस हँडलवरून तोंडावर. असल्या घोड्यावर बसून हा २२ एप्रिल १८८४ला सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि ऑगस्टमध्ये बोस्टनला पोचला. सामान म्हणजे मोजे, एक जादा सदरा, अंगावर घ्यायचा आणि तंबू म्हणूनही लावायचा रेनकोट, आणि एक पिस्तूल. सिएरा नेवाडात रेल्वेवर बर्फ पडू नये म्हणून बांधलेल्या लाकडी छपरांखालून तो सायकल ढकलत गेला, हे तू मला दुकानात उभं राहून सांगितलंस, हातात माझा पान्हा घेऊन. पुढच्या वर्षी लिव्हरपूल, इस्तंबूल, सिवास, एर्झुरूम, तेहरान. अफगाणांनी त्याला परत पाठवलं तर बोटीनं फिरून आला आणि लाहोरहून कलकत्त्यापर्यंत आपल्या जुन्या बादशाही सडकेनं गेला. डिसेंबर १८८६ला योकोहामा. साडेतेरा हजार मैल! मी गिऱ्हाइकांना सांगत होतो, आमचा राजू त्याच वाटेनं चाललाय. भरीव रबराची धाव होती म्हणून त्याला पंक्चर माहीतच नव्हतं. १८८८ला डनलॉपनं हवेचा टायर काढला नसता तर माझं पोट कशावर भरलं असतं, असा विनोदही मी करत होतो.

त्याच एर्झुरूमच्या रस्त्यावर उलट्या दिशेनं एक मुलगा येत होता, हे तू सांगितलं नाहीस.

तुला सगळं पाठ असणार. तरी लिहितो, कारण दोन दिवस डोक्यातून जात नाही. हा लेंझ पिट्सबर्गमधला हिशेबनीस. १८९२च्या मे महिन्यात नोकरी सोडून निघाला, हवेच्या टायरची नवी व्हिक्टर सायकल आणि कॅमेरा घेऊन. जपान झालं, चीन पार केला, ब्रह्मदेशातून कलकत्त्याला आला, तिथून कराचीपर्यंत गेला. इराण झाला. एवढं जग पार करून मे १८९४मध्ये तबरीझहून निघाला आणि एर्झुरूमला पोचला नाही. सत्तावीस वर्षांचा होता. तुझ्याहून एक वर्षानं मोठा.

त्याचे लेख छापणाऱ्या ‘आउटिंग’ मासिकानं पुढच्या वर्षी सॅक्टलेबेनला शोधायला पाठवलं. तोही सायकलवालाच, कॉलेज संपलं त्याच उन्हाळ्यात मित्राबरोबर जगप्रवासाला निघालेला, अरारात डोंगरावर चढून आलेला. त्यानं गावोगाव विचारलं, संशयितांची नावं काढली. वाटेवरच्या अलश्कर्टच्या भागात लेंझला मारलं, असं त्याचं मत झालं. पण थडगं काही सापडलं नाही. काही वर्षांनी तिथल्या सरकारनं लेंझच्या आईला नुकसानभरपाई दिली म्हणे. तिनं ती कोणत्या खात्यात मांडली असेल?

पण मला सगळ्यात लागलं ते दुसरंच. लेंझचे लेख ‘आउटिंग’मध्ये मागून मागून छापले जायचे, आणि तो नाहीसा झाल्यावरही १८९६पर्यंत छापले जात होते. म्हणजे मुलाचा पत्ता नाही आणि दर महिन्याला दारात त्याचा मजेचा मजकूर येतोय, आज इथे जेवलो, उद्या तिथे जाणार. तूही फोटो आठ-आठ दिवस उशिरा टाकतोस. आई ते बघून म्हणते, हसतोय बघा, बरा आहे. मी काही बोलत नाही.

काळ वाईट होता हे मलाही कळतं. त्याच सुमारास तिथे आर्मेनियन लोकांची कत्तल चालली होती. आता डांबरी रस्ता आहे, पेट्रोल पंप आहेत, लोक चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत असं तूच लिहितोस. एर्झुरूमपासून त्याच रस्त्यावरचं दोउबायझित पावणेतीनशे किलोमीटर. तुला चार दिवस लागतील. चढाला घाई करू नकोस. संध्याकाळी चारनंतर नवीन घाट धरायचा नाही. कुत्री अंगावर आली तर उतरून सायकल मध्ये घे, पायडल मारत पळू नकोस. मागच्या चाकाचा उजवीकडचा आरा तुटला तर फ्रीव्हील काढल्याशिवाय नवा जात नाही, तेव्हा तसाच दामटू नकोस, आणि पुढच्या गावात—

झालं सुरू. माफ कर. सहा हजार किलोमीटर चालवलेल्या माणसाला मी सायकल शिकवतोय.

तू सहावीत असताना माझी चोवीस इंची काढून कैची मारत वाईला गेला होतास, आठवतं? ढोल्या गणपती बघायला. कोणाला सांगितलं नव्हतंस. अण्णा बसस्टँडवर, मी हायवेला, आई देवापुढे. पाचवड फाट्यावर अंधारात सापडलास, पंक्चरवाल्याच्या बाकड्यावर, त्याची भेळ खात. मी त्याच्यासमोर तुझ्या कानाखाली वाजवली. तो म्हणाला, “मारू नका हो, पस्तीस किलोमीटर कैचीवर गेलंय पोर.” घरी येताना तू कॅरियरवर झोपलास आणि मी तुझा एक हात माझ्या पोटावर धरून ठेवला होता. तेव्हाही मला आतून बरं वाटलं होतं, हे मी आईलाही सांगितलेलं नाही. पस्तीस किलोमीटर. कैचीवर!

आईला त्या ॲनी लंडनडेरीचं सांगितलं, तीन पोरं बोस्टनला ठेवून १८९४ला सायकलवर निघालेली बाई. आईनं भाजी निवडणं थांबवलं. म्हणाली, पोरं कोणी सांभाळली? मग थोड्या वेळानं, “बरी गेली.” तुझ्या आईचं मला चाळीस वर्षांत कळलेलं नाही.

लेंझचं लपवलंस कारण मी जाऊ दिलं नसतं असं तुला वाटलं. खरं आहे, दिलं नसतं. आईनं दिलं असतं. तो पोचला नाही तिथपर्यंत जायचं तुझ्या मनात आहे, हे मला आता समजतं. बोलून टाकलं असतंस तर मी चार दिवस जेवलो नसतो आणि पाचव्या दिवशी तुझ्या चाकाचा आऊट काढायला बसलोच असतो. तसाही बसलोच होतो. तू निघालास त्याच्या आदल्या रात्री पडवीत दिवा लावून तीन वाजेपर्यंत ते चाक फिरवत होतो, ब्रेकच्या रबरावर कुठे खर्र होतंय ते ऐकत. शेवटी काहीच ऐकू येईना, तेव्हा उठलो.

अरारात दिसला की फोटो काढ. तुझा नको, डोंगराचा काढ आणि त्याच दिवशी पाठव. हे कळव म्हणणं नाही. फोटो मागतोय.

अण्णांची शुगर आटोक्यात आहे. ताईचं ते काम अजून तसंच आहे, तिला विचारू नकोस.

तुझा,
बाबा

ता. क. लपवण्याचं म्हणशील तर मीही एक लपवलंय. सीट उपटून खालच्या नळीत बघ. कापडात गुंडाळून चार जादा आरे ठेवलेत, निपलांसकट. वजन वाढतं म्हणून तू घेतले नसतेस.