आईच्या हाताचं मोजमाप

महोदय,

मधुमेह असेल तर डोळे तपासा, पाय तपासा, असं आपल्या आरोग्य पुरवणीत नेहमी वाचते. हातांविषयी कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

माझी आई सोलापुरात घरी विड्या वळते. वय ५८, त्यातली ४० वर्षं याच कामात, आणि १२ वर्षं साखरेच्या गोळ्या. दिवाळीनंतर तिच्या उजव्या हाताची अनामिका सकाळी मिटलेलीच राहू लागली. डाव्या हातानं ओढली की कट् असा आवाज होऊन उघडायची. आम्ही लचक समजून महिनाभर बाम चोळला. ट्रिगर फिंगर हे नाव नंतर कळलं. बोट मिटवणारा स्नायूचा दोर बोटाच्या मुळाशी एका अरुंद कड्यातून सरकतो. तिथं जाडी आली की तो अडकतो. मधुमेहींमध्ये हे जास्त आढळतं. आईची कात्री दिवसभर नेमकी तिथंच रुतत होती.

रुग्णालयात आमचा नंबर लागला साडेअकराला. तोवर गरम पाण्यानं आणि घरकामानं बोट मोकळं झालेलं. "मूठ करा. उघडा." उघडली. मग पकड मोजायचं यंत्र दाबायला दिलं. १९ किलो. "ताकद चांगली आहे की!" नंतर एका शिकाऊ मुलीनं ३० प्रश्नांचा कागद भरला. तिचा दोष नाही, मागे रांग होती. घट्ट झाकण उघडता का, किल्ली फिरवता का, इथपर्यंत ठीक. मग आलं गोल्फ. आईनं माझ्याकडे बघितलं, "गोल्फ अंटे एंदि?" आम्ही घरी तेलुगू बोलतो. मलाही नीट सांगता आलं नाही. शेवटी शेरा मिळाला: त्रास सौम्य.

त्याच आठवड्यात, रोज ८०० विड्या वळणारी आई ४०० वर आली होती. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, म्हणजे पैसे निम्मे. कारण सरळ आहे. पान कापायला कात्री मिटावी लागते तशी उघडावीही लागते. तिचं बोट मिटतं, उघडत नाही. यंत्र मोजतं ते मिटायचं बळ!

त्या कागदाचं नाव डॅश. १९९६ साली अमेरिकेतली अस्थिशल्यचिकित्सकांची अकादमी आणि टोरंटोची 'इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थ' यांनी तो मिळून केला. मी मुद्दाम शोधून वाचला. वाईट नाही हो. शेवटी कामधंद्याविषयी ४ प्रश्न वेगळे दिलेत: नेहमीच्या पद्धतीनं काम करता येतं का, दुखण्यामुळे अडतं का, हवं तसं होतं का, नेहमीइतका वेळ करता येतं का. पण ते ऐच्छिक. आईला ते कुणी विचारलेच नाहीत. बाईमाणूस, वय झालेलं, म्हणजे घरीच असणार, असं धरून चालले असावेत.

दुसऱ्या खेपेला मी पहाटे सहाचा बोटाचा व्हिडिओ मोबाईलवर घेतला, आणि पिशवीत कात्री न् भिजवलेली चार तेंदूची पानं टाकली. आईनं डॉक्टरांसमोर पान कापलं. तिसऱ्या पानाला कात्री अडकली. त्यांनी तळहात चाचपला, गाठ बोटाला लागली. साखर तपासून स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं आणि काही दिवस साखर वाढेल हेही सांगितलं. सगळं मिळून दहा मिनिटं.

माझं म्हणणं एवढंच, की निदान आमच्या शहरात ते ४ प्रश्न सोडू नयेत. मराठी, तेलुगू, कन्नड, जी बोली असेल तीत विचारावेत. आणि बोट सकाळी किती वेळ अडकतं हे रुग्णालाच विचारावं. साडेअकराला ते दिसत नाही.

इंजेक्शनला तीन आठवडे झाले. काल आईच्या ६२० झाल्या, पण त्यातल्या ४० छाटमध्ये, म्हणजे खराब म्हणून बाजूला, गेल्या.

– विडी कामगाराची मुलगी, सोलापूर