बोली लावण्याआधी हे वाच

हडपसर, पुणे

प्रिय सुध्या,

तू त्या जुन्या विमानाच्या लिलावाचे कागद पाठवून तीन आठवडे झाले आणि मी उत्तर दिलं नाही, त्याबद्दल आधी माफ कर. फोन केला असता, पण फोनवर आपण दोघं एकाच वेळी बोलतो आणि शेवटी गाडी त्या लॅम्ब्रेटा स्कूटरवरच येते. आईचा गुडघा बरा आहे, माझी शुगर ठीक. आता विमान.

दोन सीटची सेसना १५२, इंजिन लायकमिंग कंपनीचं ओ-२३५, ओव्हरहॉलनंतर, म्हणजे पूर्ण खोलून पुन्हा बांधल्यानंतर, ९०० तास. या ९०० वर तू भुललायस आणि मला घोर लागलाय तो त्याचाच. या इंजिनाचं ओव्हरहॉल २४०० तासांनी, म्हणजे दीड हजार तास फुकटात मिळाले, असा तुझा हिशोब. पण लायकमिंग तासांबरोबर वर्षंही मोजते. तास भरले नाहीत तरी बारा वर्षांनी ओव्हरहॉल करायला सांगते. जाहिरातीत ओव्हरहॉलची तारीख कुठेच नाही, मी दोनदा वाचली. आणि विमान तीन पावसाळे उघड्यावर उभं आहे.

उभ्या इंजिनात काय होतं ते सांगतो, कारण तुझ्या निर्णयाला याहून मोठी गोष्ट नाही. लायकमिंगचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, क्रँकशाफ्टच्या, म्हणजे प्रोपेलर फिरवणाऱ्या दांड्याच्या, वर असतो. इंजिन बंद झालं की तेल खाली निथळतं आणि काही आठवड्यांत कॅमचे लोब, म्हणजे त्या दांड्यावरचे उंचवटे, जवळजवळ कोरडे पडतात. उरलेल्या तेलात ज्वलनातून आलेलं पाणी आणि आम्ल असतंच, वर पावसाळ्याची दमट हवा. लोबवर गंजाचे बारीक खड्डे पडतात. इंजिन चालू केलं की टॅपेट, म्हणजे लोबवर टेकून व्हॉल्व्ह ढकलणारे तुकडे, त्या खड्ड्यांवर घासतात, पृष्ठभागाचे पापुद्रे निघतात आणि तो चुरा तेलाबरोबर सगळीकडे फिरतो. पहिले पन्नास तास सुरळीत जातात, मग फिल्टरमध्ये धातूच्या कणांची चमचम दिसायला लागते. तोवर पैसे देऊन झालेले असतात.

जाहिरातीतल्या ज्या वाक्याखाली तू रेघ मारलीस, 'रखवालदार दर आठवड्याला प्रोपेलर हाताने फिरवतो', ते वाचून माझी झोप उडाली. तुला वाटलं, विमानाची काळजी घेतायत. लायकमिंगच्या सूचनेत नेमकं हेच करू नका असं लिहिलंय. हाताने फिरवताना तेलाचा पंप दाब देत नाही, उलट लोबवर आणि सिलिंडरच्या भिंतीवर उरलेली पातळ फिल्मही पुसली जाते. जमिनीवर दहा मिनिटं चालवून ठेवणंही तसंच वाईट, कारण तेल पुरेसं तापत नाही आणि पाणी उडून जायच्या ऐवजी आतच राहतं. बिचारा रखवालदार तीन वर्षं मनापासून इंजिनाचं नुकसान करत होता.

म्हणून तपासणीच्या दिवशी काय करू देणार, हे आत्ताच ई-मेलने विचार आणि उत्तर लेखी घे. मला तीन गोष्टी हव्यात. पहिली, तेलाचा फिल्टर कापून आतली घडी उलगडून बघणं आणि सक्शन स्क्रीन, म्हणजे तेल ओढणाऱ्या तोंडाची जाळी, काढून बघणं. चुंबकाला चिकटणारे कण दिसले तर तिथेच थांब. दुसरी, रॉकर कव्हर, म्हणजे व्हॉल्व्हवरचं झाकण, काढून डायल गेजने (काट्याचं बारीक माप) आठही व्हॉल्व्हची उचल मोजणं. या इंजिनात हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाने लांबी बदलणारे) टॅपेट नाहीत, त्यामुळे माप सरळ मिळतं. एखाद-दुसऱ्याची उचल बाकीच्यांपेक्षा कमी आली तर तो लोब गेला. तिसरी कंप्रेशन. सिलिंडरमध्ये हवेचा ८० पौंड दाब देऊन किती टिकतो ते बघायचं. थंड इंजिनाच्या आकड्यावर फार विश्वास ठेवू नकोस, हवा कुठून सुटते ते कान देऊन ऐक. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक, ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातली हवा सोडणारी नळी) आली तर पिस्टनच्या रिंगा. प्रोपेलर दोघांनी घट्ट धरायचा, दाबाने तो अचानक फिरतो आणि हात तोडतो. बोअरस्कोपही (सिलिंडरच्या आत बघायचा बारीक कॅमेरा) घालायचा, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेला एकाच बाजूला वेगळा रंग दिसला तर तो जळतोय.

नुसतं लांबून बघू देणार असतील तर इंजिनाची किंमत शून्य धर आणि ओव्हरहॉलचा पूर्ण खर्च धरूनच बोली ठरव. यावर वाद घालू नकोस, सुध्या. लॅम्ब्रेटाच्या वेळी मी कागद बघ म्हणत होतो आणि तू आवाज ऐक म्हणालास.

कागदांचं तर त्याहून महत्त्वाचं. लॉगबुकं तीन हवीत: एअरफ्रेम (सांगाडा), इंजिन, प्रोपेलर. इंजिनाच्या डेटा प्लेटवरचा आणि प्रोपेलरच्या हबवरचा नंबर लॉगबुकाशी स्वतः ताडून बघ. इंजिनाचं लॉगबुक हरवलं असेल तर ते ९०० तास म्हणजे कुणाची तरी आठवण, दुसरं काही नाही. 'प्रॉप स्ट्राइक' कुठे लिहिलंय का शोध. प्रोपेलर जमिनीला लागला असेल तर नंतर इंजिन उघडून तपासल्याची नोंद हवीच. नोंदणी प्रमाणपत्रावर बँकेचा बोजा आहे का बघ. एआरसी, म्हणजे विमान उडण्यालायक असल्याचं प्रमाणपत्र, कधी संपली आणि इतकी वर्षं उभ्या असलेल्या विमानाला ती परत मिळवायला काय काय लागेल, हे बोलीआधी डीजीसीएकडून (सरकारचं विमान वाहतूक खातं) लेखी घे. एडींची, म्हणजे सक्तीच्या सुरक्षा-आदेशांची, यादी माग. सीटच्या रुळाची ती जुनी एडी आठवते ना? भोकं झिजली की उड्डाण घेताना सीट मागे सरकते आणि पायलट योकला, म्हणजे हातातल्या चाकाला, लोंबकळतो. फ्लॅशलाइट घेऊन एकेक भोक बघ.

सांगाड्याचं थोडक्यात. १५२ बनली १९७७ ते १९८५, म्हणजे कमीत कमी चाळीस वर्षांचं ॲल्युमिनियम. केबिनचा कार्पेट उचलून खाली बघ, शेपटीच्या निमुळत्या पोकळीत उंदराची घरटी बघ. त्यांच्या मुताने पत्रा खाल्ला जातो. पंखाला आधार देणाऱ्या डाव्या दांड्याच्या (स्ट्रट) मागे टाकीचा व्हेंट, म्हणजे हवा आत घेणारी नळी, असतो आणि पंखाखाली वेग मोजणारी पिटो ट्यूब. दोन्हींत कुंभारीण माशी मातीचं घर करते. व्हेंट बुजला की इंधन येणं थांबतं.

लिलाव 'जसे आहे, जिथे आहे' तत्त्वावर आहे. नंतर काहीही निघालं तरी तक्रार नाही. ईएमडी (बोलीआधीची अनामत) भरली, बोली जिंकली आणि मुदतीत पैसे भरले नाहीत तर ईएमडी जप्त. जीएसटी बोलीवर वेगळा, आणि तो वैयक्तिक वापर की प्रशिक्षण यावर बदलतो. सीएला आधी विचार. उचलायची मुदत टळली की जागेचं भाडं सुरू. शेवटच्या मिनिटांत कुणी बोली टाकली की वेळ आपोआप वाढते आणि तिथेच तुझ्यासारखी माणसं वाहवत जातात. म्हणून उलटा हिशोब कर: उडत्या स्थितीतल्या १५२ ची किंमत, वजा ओव्हरहॉल, वजा मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारे), होजेस, टायर, बॅटरी, ईएलटी (अपघातात संदेश पाठवणारा ट्रान्समीटर), वजा वाहतूक आणि एआरसीचा खर्च. उरेल तो आकडा कागदावर लिहून वहिनींच्या हातात दे. त्यापुढे लॅपटॉप बंद.

उडवत आणणं विसर. ट्रकने आणायचं तर पंखांचा विस्तार १०.२ मीटर, आडवी शेपटी ३ मीटर, दोन्ही काढावी लागतात. पंखाच्या मागच्या स्पारच्या (पंखाचा आतला कणा) जोडाला इक्सेंट्रिक बुशिंग, म्हणजे फिरवून पंखाचा कोन बदलणारी कडी, असतं. खोलण्याआधी त्याच्या जागेवर रेघ मार आणि फोटो काढ. ती जागा चुकली की विमान एका बाजूला ओढतं आणि पुढे महिनाभर रिगिंग, म्हणजे पंखांचे कोन जुळवणं, करत बसावं लागतं. ट्रकमध्ये पंख लीडिंग एजवर, म्हणजे पुढच्या कडेवर, उभे, खाली फोम.

इंधनाचं म्हणशील तर तासाला २२-२३ लिटर १००एलएल, म्हणजे शिसं असलेलं विमानाचं पेट्रोल. २०२२ पासून इंडियन ऑइल ते वडोदऱ्यात बनवतं, ही त्यातल्या त्यात चांगली बातमी. पंपावरच्या पेट्रोलचा विचारही नको. या इंजिनाचा कंप्रेशन रेशो ८.५ च्या आसपास, आणि पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल. १००एलएलमधल्या शिशाने खालचे प्लग भरतात, ते साफ करायला हात काळे होणारच.

ऋताचं ॲडमिशन झालं का? नाशिकचं घर विकू नकोस, ते वेगळं बोलू. वहिनींना नमस्कार.

तपासणी सोळा आणि सतराला आहे. मी सोळाला पहाटेची शिवनेरी पकडतो. डायल गेज, बोअरस्कोप आणि कंप्रेशनचा टेस्टर माझ्याकडे. फिल्टर कापायचा कटर तेवढा तू आण, आणि एअर कंप्रेसर त्यांच्याकडे आहे का ते उद्याच विचारून ठेव.

तुझा,
दिल्या