भविष्यवाणी खोटी ठरली, तर दोष कोणाचा?

महोदय,

ख्रिस्ती सुवार्ता सभांच्या मांडवात हल्ली ‘प्रॉफेसी’साठी, म्हणजे देवाच्या नावाने सांगितलेल्या भविष्यवाणीसाठी, वेगळी रांग लागते. याविषयी मंडळीतल्याच, म्हणजे चर्चमधल्याच, माणसाने बोलायला हवं, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी माझी मावशी अशा एका सभेला गेली. फाटकाशी प्रार्थनाविनंतीचा फॉर्म भरून घेत होते : नाव, गाव, आजार. घाईत तिच्या हातून माहेरचं आडनाव लिहिलं गेलं. तासाभराने स्टेजवरच्या संदेष्ट्याने तिला त्याच आडनावाने हाक मारली आणि तुझी साखर कायमची गेली, असं सांगितलं. मावशी ढसाढसा रडली. चाळीस वर्षांत त्या नावाने तिला कुणी बोलावलं नव्हतं. देवाशिवाय हे कुणाला ठाऊक असणार! कानातल्या रिंगा काढून तिने ‘बियाणं’ म्हणून, म्हणजे देव कैकपटीने परत देईल अशा आशेने, दानपेटीत टाकल्या. दुसऱ्या दिवसापासून गोळ्या बंद. अडीच महिन्यांनी पायाची जखम चिघळली आणि अंगठा काढावा लागला. दवाखान्यात भेटायला आलेल्या मंडळीतल्या एका बहिणीने तिला म्हटलं, “विश्वासात कुठेतरी कमी पडलात, मावशी.”

मला संताप येतो तो या वाक्याचा. संदेष्टा परमेश्वराच्या नावाने बोलला आणि ते घडलं नाही, तर ते वचन परमेश्वराचं नव्हे, असं बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात स्पष्ट आहे. तिथे जाब बोलणाऱ्याला आहे. आपण तो ऐकणारीच्या माथी मारतो.

नाव-आजार आधी गोळा करायचे आणि मग ‘प्रकट झालं’ म्हणायचं, हा प्रकार जुना आहे. अमेरिकेतले धर्मप्रचारक पीटर पोपॉफ सभेत अनोळखी माणसांचे पत्ते आणि आजार अचूक सांगत. १९८६ साली, अशा दाव्यांचा भांडाफोड करणारे जादूगार जेम्स रँडी यांच्या सहकाऱ्यांनी पोपॉफ यांच्या कानातल्या यंत्रावर येणारे रेडिओ संदेश पकडले. पलीकडून त्यांची पत्नी सगळं वाचून दाखवत होती.

सगळेच लबाड असतात, असं मी म्हणत नाही. काही जण मनापासून बोलतात आणि चुकतात. २०२० मध्ये ट्रम्पच पुन्हा निवडून येणार, असं तिथल्या अनेकांनी देवाच्या नावाने सांगितलं. त्यांतल्या जेरमाया जॉन्सन यांनी जानेवारी २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली, तर विश्वासणाऱ्यांनीच त्यांना शिव्या आणि धमक्या दिल्या. चूक कबूल करणाऱ्याला आपणच असं वागवलं, तर पुढचा कबूल कसा करेल?

पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या १९०५च्या आत्मिक जागरणाच्या गोष्टी ऐकत मी वाढलो. भविष्यवाणीसारख्या पवित्र आत्म्याच्या दानांवर माझा विश्वास आहे, आणि म्हणूनच हा बाजार बघवत नाही. करिंथच्या मंडळीला प्रेषित पौलाने बायबलमधल्या पत्रात सांगितलं होतं की दोघातिघांनी संदेश द्यावा आणि इतरांनी त्याची पारख करावी. आमच्याकडे संदेश संपला की टाळ्या, मग स्क्रीनवर क्यूआर कोड. पारख कधी होणार?

राज्यात २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण हे काम आधी मंडळीने करावं असं मला वाटतं. बाहेरच्या वक्त्याने दिलेला प्रत्येक संदेश तारखेसह लिहून ठेवावा आणि वर्षाने तो मंडळीपुढे वाचावा. त्या सभेत दान गोळा करू नये. आजाराविषयी संदेश असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या थांबवू नका, हे पाळकांनी त्याच स्टेजवरून सांगावं. ही विनंती मी आमच्या पंच कमिटीला लेखी दिली आहे. मावशीने त्या अर्जावर दुसरी सही केली आहे, सासरच्या आडनावाने.

– मंडळीचा एक सभासद, अहिल्यानगर