गिंको बदलला आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गिंको वृक्षावरचा आपल्या पुरवणीतला लेख आवडला. मात्र कोट्यवधी वर्षांत हे झाड तसूभरही बदलले नाही, हे त्यातले विधान चुकीचे आहे. ते इतक्यांदा छापले जाते की आता लिहायलाच हवे.

चीनच्या हेनान प्रांतात यिमा येथे सुमारे १७ कोटी वर्षांपूर्वीचे गिंकोचे जीवाश्म सापडले आहेत. त्यांची पाने आजच्यासारखी पंख्याच्या आकाराची नव्हती, ती खोलवर चिरलेली होती. एका दांड्यावर अनेक बीजांडे (ज्यांचे पुढे बी होते) आणि प्रत्येकाला वेगळा देठ. चीनच्याच लिआओनिंग प्रांतातल्या सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मात हे देठ उरलेले नाहीत. आजच्या गिंकोत बहुधा दोनच बीजांडे धरतात, त्यातले एकच पिकते, पण बी मोठे असते. हा बदल नाही तर काय?

(लेखात ज्याला फळ म्हटले आहे, तेही बीच आहे. गिंको अनावृतबीजी, म्हणजे उघड्या बीचा, असल्याने त्याला फळ धरत नाही. दुर्गंधी येते ती बीच्या मांसल आवरणातून.)

जुने काय टिकले, तेही सांगायला हवे होते. १८९६ मध्ये साकुगोरो हिरासे यांनी टोकियोत गिंकोचे पोहणारे शुक्राणू पाहिले; हेच ते टिकलेले जुने लक्षण. हिरासे विद्यापीठात चित्रे काढण्याच्या कामावरचे सहायक होते, हे मला फार मोलाचे वाटते. वसंतात वाऱ्याबरोबर आलेला परागकण बीजांडात शिरतो. त्याची नलिका तिथल्या ऊतीत फांद्या फोडून कित्येक महिने नुसते पोषण घेत राहते. मग ती दोन शुक्राणू सोडते आणि ते सुमारे हजार कशाभिकांच्या (चाबकासारख्या हलणाऱ्या सूक्ष्म तंतूंच्या) बळावर अंड्यापर्यंत पोहत जातात. नेच्यांना यासाठी बाहेरचे पाणी लागते. गिंकोत तो थेंब बीजांडातच असतो. सपुष्प वनस्पतींमध्ये परागनलिकाच शुक्रपेशींना अंड्यापाशी नेऊन पोहोचवते. तिचे मूळ काम पोषण घेण्याचे असावे, हे गिंकोकडे पाहून उमगते.

एके काळी दोन्ही गोलार्धांत पसरलेल्या या गणातली आज ही एकच जाती उरली आहे. रस्तोरस्ती लावली जात असली, तरी निसर्गात तिची नोंद संकटग्रस्त म्हणून आहे. लेखात याचा उल्लेखही नाही.

पुढच्या अंकात यिमाच्या जीवाश्म पानाचे चित्र आजच्या पानाशेजारी छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक