ओल शोधायचे पैसे घेतले आणि कोटिंग भलतीकडेच मारलं

नमस्कार,

मी पाथर्डी फाट्याजवळ राहते, सगळ्यात वरच्या मजल्यावर. एप्रिलमध्ये तुमचा माणूस ओल तपासायला आला होता त्याबद्दल लिहितेय. ओल होती बेडरूमच्या भिंतीला, पलीकडे बाथरूम. स्कर्टिंगपासून गुडघ्याएवढे पोपडे, हात फिरवला की पांढरी भुकटी बोटाला लागायची आणि कपाटाचा खालचा प्लाय फुगून दार लागेना. हे सगळं त्याला दाखवलं. त्याने थर्मल कॅमेरा काढला, वर छताजवळ निळा पट्टा दिसला आणि लगेच, मॅडम गच्चीतून पाणी येतंय.

अहो, त्या पट्ट्यावर एसीची हवा येत होती! भिंत गार म्हणजे निळी दिसणारच. कॅमेऱ्याला भिंतीतलं पाणी दिसत नाही, वरवरचं तापमान दिसतं, हे आमच्या साध्या प्लंबरला माहितीये आणि तुमच्या एक्सपर्टला नाही? शिवाय नाशकात एप्रिलात पाऊस कुठला, गच्ची ठणठणीत कोरडी, टाकी दुसऱ्या विंगवर, मग वरून आलेलं पाणी मधली अख्खी भिंत कोरडी सोडून थेट खालीच कसं उतरलं? ओल मोजायचा मॉइश्चर मीटर पण एकाच जागी टेकवला. क्षार आलेल्या गिलाव्यावर तो तसाही जास्त आकडा दाखवतो, कोरड्या भिंतीवर लावून तुलना तरी करायची. नाही केली.

गच्चीच्या कोटिंगचे १८,००० घेतलेत. ओल वाढतच गेली. शेवटी प्लंबरने गरम पाण्याच्या लाइनला पंपाने प्रेशर दिलं तर गेजचा काटा डोळ्यांदेखत खाली आला, म्हणजे लाइनच गळत होती. टाइल फोडली, बाथरूमच्या मिक्सर नळामागे सीपीव्हीसी पाइपचा एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, घाम फुटल्यासारखा पाझरत होता. ही टेस्ट तुम्ही आधी केली असती तर गच्चीवर चढायचीच गरज नव्हती, पण मग कोटिंग कसं खपलं असतं म्हणा.

फोन केला तर उत्तर काय, वॉरंटी कोटिंगची आहे आणि कोटिंग कुठे गळतंय. नाहीच गळत, गच्ची आधीपण गळत नव्हती!

मला तपासणीची फी आणि कोटिंगचे पैसे परत हवेत, आणि त्या दिवशीचे कॅमेऱ्याचे फोटो, मीटरचे आकडे लेखी हवेत. उत्तर ईमेलवरच द्या, फोनवरचं बोलणं तुमच्याकडे कोणाला आठवत नाही. १५ दिवसांत काही आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार टाकणार, ५ लाखांपर्यंत तिथे फीसुद्धा लागत नाही. प्लंबरचं बिल आणि फोडलेल्या भिंतीचे फोटो सोबत जोडलेत.