‘रस्ता हवा का?’ असे विचारणाऱ्यांस

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लोहखनिजाच्या खाणीसाठी होणाऱ्या रस्त्यामुळे आमच्या सुरजागड परिसराचा कसा कायापालट होणार आहे, हे सांगणारा आपला लेख काल वाचला. (आपला अंक आमच्या गावी दुसऱ्या दिवशी पोहोचतो.) ‘रस्त्याला स्थानिकांचा पाठिंबा आहे’ असे एक वाक्य त्यात आहे. त्या स्थानिकांत माझीही गणना झाली असावी अशी दाट शंका आल्यामुळे हा पत्रप्रपंच.

गेल्या वर्षी मोहफुले वेचण्याच्या दिवसांत सर्वेक्षण करणारी दोन मुले माझ्या छपरीत येऊन बसली. मुले सभ्य होती, चहाही आवडीने प्यायली. त्यांच्या कागदावर प्रश्न होता : ‘रस्ता हवा का?’ आणि पुढे दोनच चौकटी, ‘होय’ आणि ‘नाही’. पावसाळ्यात बाळंतीण अडली की खाटेची कावड करून नाला ओलांडणारी माणसे मी शिक्षक असल्यापासून पाहत आलो आहे. मी ‘नाही’ कसे म्हणणार? म्हणून मी सांगितले की, नाल्यावर पूल आणि रुग्णवाहिका येईल एवढा रस्ता हवाच आहे. मात्र मालाच्या ट्रकांसाठी वेगळा मार्ग कोठून नेणार, त्यात किती झाडे जाणार, आणि रस्त्याकडेला वाळत घातलेल्या मोहफुलांवर लाल धूळ बसल्याने व्यापाऱ्याने त्यांचा भाव पाडला याची नोंद कोणत्या रकान्यात होणार, तेही लिहून घ्या. मुलाने मान डोलावली, ‘होय’वर खूण केली आणि तो शेजारच्या घरी गेला. उत्तर आधीच ठरलेली प्रश्नपत्रिका माझ्या सबंध नोकरीत मी पाहिली नव्हती. तो योग निवृत्तीनंतर आला.

खाणीचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे सांगणाऱ्या अहवालांत खाणीभोवतीच्या १० किलोमीटरच्या वर्तुळातील हवा, पाणी आणि वनस्पती मोजण्याचा प्रघात आहे. खनिज भरलेल्या ट्रकांना ते वर्तुळ कोणी दाखवलेले नसावे, कारण ते एटापल्ली, आलापल्ली, आष्टी असे थेट कोनसरीच्या लोहप्रकल्पाच्या बाजूला जातात. २०२२ साली वार्षिक उत्खनन ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेण्याचा प्रस्ताव आला. एवढा माल ट्रकने न्यायचा आणि एका ट्रकात ३० टन मावतात असे धरले, तर रोज नऊशेहून अधिक भरलेले ट्रक जाणार आणि तितकेच रिकामे परत येणार. हा चौथीच्या पोरालाही जमणारा भागाकार आहे. रस्त्याकडेची शाळा, बाजार आणि पाणवठा खाणीपासून ४० किलोमीटरवर असले, तरी त्यांना ही वाहतूक चुकत नाही. म्हणून रस्त्याचे मूल्यमापन खाणीच्या अहवालाचे शेपूट म्हणून न होता स्वतंत्रपणे आणि त्याच्या पूर्ण लांबीवर झाले पाहिजे.

त्या प्रस्तावाची जनसुनावणी २७ ऑक्टोबर २०२२ रोजी झाली, ती सुमारे दीडशे किलोमीटर दूर गडचिरोलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यमापनाविषयीची केंद्राची २००६ ची अधिसूचना सुनावणी प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या अगदी जवळ घ्या असे सांगते. ‘जवळ’ या शब्दाचा हा अर्थ कोणत्या कोशात आहे, ते आपल्या लेखकाने कळवावे. ‘रस्त्यासारख्या रेषीय (म्हणजे लांब पट्ट्यात जाणाऱ्या) प्रकल्पांना ग्रामसभेची संमती लागतच नाही’ हे त्यांचे विधानही अर्धवट आहे. केंद्राच्या ५ फेब्रुवारी २०१३ च्या परिपत्रकाने वनजमीन घेताना तशी सूट दिली हे खरे. परंतु जेथे आदिम जमातींच्या मान्य हक्कांना बाधा पोहोचते, तेथे ती सूट नाही, असे त्याच परिपत्रकात म्हटले आहे. माडिया गोंड हे केंद्राच्या यादीतील आदिम जमातींपैकी आहेत आणि हा मुलूख त्यांचा आहे. परिपत्रक शेवटपर्यंत वाचण्याचा त्रास घेतला असता, तर ते वाक्य छापले गेले नसते.

जाता जाता आणखी एक. लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘सुरजागडचा डोंगर’ असे छापले आहे, पण डोंगराच्या पायथ्याशी नारळाची बाग दिसते. आपल्या प्रतिनिधीला एकदा इकडे अवश्य पाठवावे. पावसाळ्यात आल्यास त्याने नाल्याच्या पलीकडून हाक मारावी. पूल अजून व्हायचा आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. एटापल्ली, जि. गडचिरोली