जुना संगणक भंगारात देण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारं मोफत साहाय्य (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलं. नाव नोंदवणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षा अपडेटसाठी वर्षभराची मुदतवाढ मिळाली, तेवढीच. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. त्यामुळे २०१५-१६ च्या सुमाराचे, ठणठणीत चालणारे संगणक नियमात बसत नाहीत आणि दुकानदार 'नवाच घ्या' म्हणून मोकळा होतो.

विंडोजऐवजी चालणारी लिनक्स ही मोफत, मुक्त प्रणाली हा पर्याय अनेकांनी ऐकलेला असतो, पण तिचे प्रकार अनेक, त्यामुळे 'कुठलं लिनक्स?' इथे घोडं अडतं. जाणकारांना विचारावं तर एक फेडोरा म्हणतो, दुसरा आर्च, आणि दोघांचा वाद ऐकून विचारणारा गुपचूप विंडोजकडे परततो. हौशी माणसाचं आवडतं आणि घरात चालणारं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझं मत लिनक्स मिंटला. उबुंटू या लोकप्रिय लिनक्सच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर ते उभं आहे. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार. डाव्या कोपऱ्यातला मेनू, खालची पट्टी सगळं ओळखीचं, त्यामुळे आजोबांनाही नव्यानं शिकवावं लागत नाही. चार जीबी रॅम असेल तर मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी, आठ असेल तर सिनॅमन. डेबियन हे दुसरं लिनक्स मला त्याहून आवडतं, पण पहिल्यांदाच येणाऱ्याला मी ते सुचवणार नाही.

मुख्य म्हणजे, न बसवताही हे वापरून बघता येतं. मिंट भरलेल्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करायचा, वायफाय लागतं का, आवाज येतो का बघायचं आणि प्रिंटरवर एक पान काढायचं. प्रिंटर ही खरी परीक्षा. काही मॉडेल्स लिनक्सवर फार छळतात.

मराठीची सोय उत्तम आहे. कीबोर्डच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट ही अक्षरमांडणी असतेच. शिफ्ट धरून एन दाबलं की 'ळ' उमटतो. अडचण येते ती श्रीलिपी, कृतिदेव वगैरे जुन्या फाँटमधल्या फाइलींची. सोसायटीची इतिवृत्तं, लग्नपत्रिका, कविता हे सगळं लिब्रेऑफिस या मोफत लेखन-सॉफ्टवेअरमध्ये उघडलं की अगम्य चिन्हं दिसतात. ते लिनक्सचं पाप नाही, त्या फाइली युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या अक्षर-संकेतात नाहीत म्हणून तसं होतं. फाँट बसवला तर वाचता येतात, पण एकदाच्या युनिकोडमध्ये आणलेल्या बऱ्या. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्यांनी किंवा डिजिटल सहीचं टोकन वापरणाऱ्यांनी मात्र घाई करू नये, ते लिनक्सवर चालेलच असं नाही.

केरळच्या सरकारी शाळांत मुलं गेली अनेक वर्षं मुक्त प्रणालींवरच संगणक शिकताहेत. बॉस ही देशी लिनक्स प्रणाली बनवणाऱ्या सी-डॅक या सरकारी संगणक-संस्थेचं मुख्यालय आपल्या पुण्यात आहे. तरी आपल्याकडच्या घरांत या पर्यायाची साधी चर्चाही होत नाही. मोबाइलच्या नव्या मॉडेलांवर आपल्या पुरवणीत पानंच्या पानं येतात. अधूनमधून अर्धा स्तंभ या विषयालाही द्यावा, ही विनंती.

आणि कुणी आजच बसवायला घेणार असेल तर आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून ठेवावीत. 'इरेज डिस्क' हा पर्याय निवडून पुढे गेलात की जुनं काहीच शिल्लक राहत नाही.

आपला,
एक वाचक, सातारा